एक पाकीट, लिटरभर पाणी

आधी आप्पांचं सांगते, मग माझं.

लातूरला आमच्या खोल्यांच्या कोपऱ्यावर औषधाचं एक लहान दुकान होतं. त्याचे मालक म्हणजे आप्पा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. त्यांनी त्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं नसतं, तर आज हे लिहायला मी धजले नसते. त्यांचं नाव घ्यायला हवं होतं, पण ते त्यांना आवडणार नाही. आप्पा एवढंच पुरे. लातुरात दर चौथ्या दुकानात एक आप्पा बसलेले असतात, त्यामुळं ते कुणाला सापडायचे नाहीत. आणि पुढं जे लिहायचंय त्यात त्यांचा चांगुलपणा थोडा आणि माझी लाज जास्त आहे. म्हणून त्यांचे उपकार पहिल्यांदा सांगून मोकळी होते.

मी माहूरकडची. गडाच्या पायथ्यापासून बरंच आत, एका खेड्यातली. सातवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा नाल्यापल्याड होती, पोरीच्या जातीला रोज कोण सोडायला जाणार, एवढ्यावर तो विषय संपला. मग लग्न झालं. यांना लातूरला नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. लोक पाट्या बदलून राहिले होते, कुठं रंग ओला, कुठं जुनं नाव खालून दिसतंय. माहूरहून सकाळच्या एसटीनं निघायचं, नांदेडला गाडी बदलायची, आणि लातूरच्या स्टँडवर उतरेतो दिवस कलायचा. पहिल्यांदा उतरले तेव्हा मला वाटलं, आता कुणी मेलं तरी मला कळायला दोन दिवस लागतील.

माझ्या बोलण्याला तिथं हसायचे. मी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की नळावरच्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या. “आली बघ काहूनबाई.” मी पण हसायचे. परमुलखात हसलेलं बरं असतं.

आम्ही राहायचो ती पत्र्याच्या पाच खोल्यांची ओळ होती. नळ सगळ्या गल्लीत मिळून एक, आणि त्याला पाणी पहाटे घटकाभर, तेही बारीक धारेनं. दुष्काळ पडलेला. टँकर यायचा, पण कधी ते टँकरवाल्यालाच ठाऊक. नळावर एक म्हातारी रोज तेच बोलायची, “जिल्हा झाला गं बायांनो, पाणी तेवढं तालुक्याचंच राहिलं.” तिचं ऐकून सगळ्या हसायच्या आणि हसता हसता घागर पुढं सरकवायच्या. मला ते सरकवणं जमायचं नाही. मी नंबर लावून उभी राहायचे आणि माझा नंबर यायच्या आत पाणी जायचं.

शेजारच्या खोलीतल्या अक्कानं मला त्यातून सोडवलं. अक्का उदगीरच्या बाजूची, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, हाडापेरानं दणकट. तिचा नवरा ट्रकवर होता. पंधरा-पंधरा दिवस त्याचा पत्ता नसायचा. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सकाळी ट्रॅक्टर यायचा, बायांना भरून न्यायचा आणि दिवस मावळायच्या सुमाराला आणून सोडायचा. तिला दीड वर्षाची लेक होती. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहिली.

“तुला पाणी भरायला येत न्हाई,” ती म्हणाली. “मला लेक कुठं ठेवावी कळत न्हाई. मी तुझ्या दोन घागरी आणते. तू हिला बघ.”

तेव्हापासून पहाटे माझ्या दारात दोन भरल्या घागरी आणि थोड्या वेळानं कडेवर लेक. आमच्यात एवढंच ठरलं होतं. मला ती पोरगी आवडायची. ती मला ‘कऊ’ म्हणायची. काहूनमधला तेवढाच भाग तिला आला होता.

आता माझ्या वाचण्याबद्दल. त्या ओळीत वाचता येणारी बाई मी एकटीच. हे एकदा कळल्यावर बाया माझ्याकडं गोळ्यांची पाकिटं घेऊन यायला लागल्या. ही कशाची, ही जेवणाआधी का नंतर. मराठी, हिंदी मला वाचता यायचं. इंग्रजीची अक्षरं ओळखायचे, शब्द जुळवायचे, अर्थ लागायचा नाही. पण ‘मला येत नाही’ असं मी कधी म्हटलं नाही. पाकीट उजेडात धरायचे, ओठ हलवायचे, आणि आधी कधीतरी ऐकलेलं काहीतरी सांगायचे. “ही तापाची. दोनदा घ्या.” बाया मान हलवून जायच्या. परक्या गावात मला तेवढीच किंमत होती, ती मला सोडवेना. देवाच्या दयेनं त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं असेल तर माझ्यापर्यंत आलं नाही. हे दुसरं वाक्य लिहिताना हात थांबतो.

त्या दिवशी अक्का लेकीला घेऊन आली तेव्हा लेक मलूल होती. “रातपासून पोट सुटलंय हिचं,” अक्का म्हणाली. “टँकरचं पाणी बाधलं वाटतं. आज कामावर न्हाई गेलं तर मुकादम नाव काटतो. तू आप्पाकडून काहीतरी घे हिला. तुला कळतंय.”

“जा तू,” मी म्हटलं. “मी आहे ना.”

ट्रॅक्टर गेला. मी लेकीला खांद्यावर टाकून आप्पांच्या दुकानात गेले. आप्पांनी आधी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“किती वेळा झालं?”

“सकाळपासून चारदा.”

“रक्त पडतंय का? ताप? उलटी?”

“नाही.”

“लघवी करतीय?”

“सकाळी केली.”

त्यांनी लेकीच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली, ती लगेच जाग्यावर गेली का ते पाहिलं. तिची जीभ पाहिली. मग फळीवरून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात न देता धरूनच ठेवलं.

“नीट ऐका, माय. एक पाकीट, लिटरभर पाणी. सगळं पाकीट आणि सगळं लिटर. पाणी उकळून गार केलेलं. चमच्या-चमच्यानं पाजायचं, उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा पाजायचं. उद्या सकाळी उरलेलं असंल तर ओतून द्यायचं. वरणाचं पाणी, मऊ भात, खाईल ते खाऊ द्यायचं, उपाशी ठेवायचं न्हाई. आणि लघवी थांबली, डोळे खोल गेले, मान टाकायला लागली, तर माझ्याकडं यायचं न्हाई. थेट दवाखाना.”

“थांबायची गोळी द्या की आप्पा,” मी म्हटलं.

“न्हाई.”

“चतकोर?”

“चतकोर बी न्हाई. जी घाण बाहेर पडतीय ती पडू द्या. गेलेलं पाणी भरून काढायचं, एवढंच आपलं काम. एवढ्या लेकराला ती गोळी द्यायची नसती.” मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, “तुम्हाला वाचता येतं म्हणे. पाकिटावर लिहिलंय सगळं. वाचा घरी.”

मी वाचलं. हे मला सांगायलाच हवं. घरी येऊन उंबऱ्यात बसून पाकीट वाचलं. हिंदीत लिहिलेलं होतं, खाली चित्र होतं, आणि ‘एक लीटर’ हे शब्द मी बोट ठेवून वाचले. मला कळलं नव्हतं असं आजही मला म्हणता येत नाही.

पण माझ्यासमोर दोन घागरी होत्या, आणि त्यांतली एक आधीच निम्मी झालेली. दुसऱ्या दिवशी कचेरीत मंत्री येणार होते. यांना सांगून ठेवलं होतं की शिपायाचा ड्रेस पांढराशुभ्र पाहिजे, डाग दिसला तर बाहेर उभं करतील. नोकरी नवी, अजून कायम झालेली नव्हती. सकाळी जाताना हे एवढंच म्हणाले होते, “ड्रेसचं बघ हं.” ड्रेस धुवायला बादलीभर तर पाणी हवंच, खळबळायला वेगळं. त्यात लेकीची दुपटी. चारदा झालेली चार दुपटी मोरीत पडलेली, त्यांना वास सुटलेला. प्रत्येक जुलाबाला एक दुपटं, आणि प्रत्येक दुपट्याला तांब्या-दोन तांबे पाणी. मी तिथं बसून पाण्याचाच विचार केला. लेकीचा केला असं मला वाटलं होतं. केला पाण्याचा.

लिटरभर पाणी एवढ्याशा पोटात जाणार कसं, असं मी स्वतःला समजावलं. उरेल, आणि उद्या ओतून द्या म्हणतात. दुष्काळात प्यायचं पाणी ओतून द्यायचं? लेकरू लहान, तर पाणी पण लहानच हवं. मी सगळं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं. औषध तेवढंच पोटात जाणार, उलट लवकर गुण येईल, असा माझा हिशेब.

आणि गोळी. पेटीत यांच्या जुन्या दुखण्यातली पट्टी उरलेली होती, जुलाब थांबायची. आप्पांनी ‘चतकोर बी न्हाई’ म्हटलेलं माझ्या कानात होतं. मी गोळीचे चार तुकडे केले, एक लाटण्याखाली चिरडला आणि गुळाच्या पाण्यात चाटवला. दुपटी थांबावीत म्हणून. त्याला दुसरं कारण नव्हतं.

जुलाब थांबले. मला केवढं हायसं वाटलं. मी ड्रेस भिजत घातला, साबण लावला, दोन पाण्यांत खळबळला आणि दोरीवर टाकला. उन्हात तो इतका पांढरा दिसायला लागला की नळावरची म्हातारी जाता जाता म्हणाली, “काय गं, आज गंगेला जाऊन आलीस का काय?”

लेक मात्र रडायला लागली. रोजचं रडणं नव्हतं, कोरडं, घशातून येणारं. “पा, पा,” म्हणायची. पाणी हवं होतं तिला. मी पेल्यातलं चमच्यानं पाजायचे, ती हपापून घ्यायची आणि लगेच पुन्हा “पा.” मला वाटलं, औषध आवडतंय. एकदा ती रांगत घागरीपाशी गेली आणि घागरीच्या ओल्या अंगाला तोंड लावून चाटायला लागली. मी तिला उचलून आणलं आणि पुन्हा पेल्यातलंच पाजलं. साधं पाणी पाजलं तर जुलाब वाढतात असं माझी आई म्हणायची. या सगळ्यात मला शंका कशी आली नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. शंका आली होती. पेला अर्धा उरला होता आणि तो वाया घालवायचा नव्हता.

दुपार झाली तशी ती रडायची थांबली. मी म्हटलं, झोपली. हात लावला तर पोट नगाऱ्यासारखं ताठ. सकाळच्या लघवीनंतर दुपटं ओलं झालेलं नव्हतं. डोळे अर्धे उघडे, पण बघत कशाकडंच नव्हते. “कऊ आली बघ,” मी म्हटलं. तिनं मान पण वळवली नाही.

आप्पांनी काय सांगितलं होतं? माझ्याकडं यायचं न्हाई, थेट दवाखाना. मी आप्पांकडंच गेले. दवाखान्यात लिहून घेतात, विचारतात, त्याची मला भीती होती. पदराखाली पेला पण घेतला होता, वाटेत पाजावं म्हणून.

दुपारची वेळ, शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले. आप्पा जेवण करून नुकते टेकले होते. लेकीला पाहिल्याबरोबर उठले.

“पाकीट दिलं?”

“दिलं.”

“किती पाण्यात केलं?”

“लिटरभर.”

“भांडं कुठलं होतं मापाला?”

“बाटली,” मी म्हटलं. आमच्याकडं बाटली नव्हतीच.

त्यांचं लक्ष माझ्या पदराकडं गेलं. “ते काय हाय?” मी पेला पुढं केला. त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली. त्यांचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. रागावले नाहीत. एकदम थकल्यासारखे दिसले.

“शिव शिव,” ते म्हणाले. “डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं की चुकलं म्हणायचं. हे तर मीठच हाय, माय. दिवसभर तहान तहान करत असंल लेकरू.”

मी खाली मान घातली.

“आणखी काय दिलं?”

मी लेकीच्या अंगावरचं दुपटं नीट करत राहिले.

“हे बघा. माझ्याशी खोटं बोललात, चालतंय. डॉक्टरशी बोलू नका. त्यांना कळलं न्हाई काय दिलं, तर ते अंधारात हात घालणार. काय दिलं?”

कनवटीला खोचलेली पट्टी मी काढून दिली. त्यांनी ती उलटी-सुलटी केली. पट्टीचा जो भाग आधी कापून वापरला होता, त्याच्याबरोबर तारीख पण गेली होती. “हिची मुदत बी गेली का न्हाई, देवाला ठाऊक,” ते म्हणाले आणि पट्टी, पेला दोन्ही पिशवीत टाकून शटर खाली ओढलं. गिऱ्हाईक येत होतं एक. “नंतर या,” त्याला म्हणाले, आणि रस्त्यावर जाऊन टांगा थांबवला.

टांग्यात ते लेकीचे तळपाय चोळत राहिले, तिच्याशी कन्नडमध्ये काहीबाही बोलत राहिले. मी पाणी पाजू का विचारलं. “आता काहीच न्हाई. आता ते बघतील.” एवढंच. मला एक शब्द लागेलसा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी लेकीला हातात घेता घेताच विचारलं, “काय दिलंय हिला?” मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा एक पाऊल मागं सरकले. मुद्दाम सरकले, मला कळलं.

मी सांगितलं. पाकीट सगळं, पाणी पेलाभर. गोळी चतकोर, सकाळी दहाच्या सुमारास. लघवी सकाळपासून नाही. साधं पाणी दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघितली, पेला बघितला, सिस्टरला भराभर काही सांगितलं आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” सलाईनची सुई लेकीच्या हातावर बसेना, पायावर बसली. इतकासा पाय.

आप्पा संध्याकाळपर्यंत थांबले. जाताना म्हणाले, “डॉक्टरला तुम्ही सांगितलं. तिच्या आईला बी तुम्हीच सांगायचं. मी सांगणार न्हाई.”

अक्का कामावरून आली, आमच्या खोलीला कुलूप बघितलं, आणि नळावर कळलं तशी पळत दवाखान्यात आली. अंगावर खडीची धूळ तशीच. “काय झालं गं?”

“जुलाब वाढले,” मी म्हटलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. “तू होतीस म्हणून,” ती म्हणाली. “तू होतीस म्हणून आणलंस. मी कुठं डोंगरात.” तिच्या हातांना चिरा पडलेल्या होत्या, त्या माझ्या हाताला टोचत होत्या. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीनं अक्काच्या मांडीवर लघवी केली. अक्का ओल्या लुगड्यानं वॉर्डभर सांगत सुटली, “केली, केली,” आणि आजूबाजूच्या खाटांवरची माणसं हसायला लागली. मी भिंतीकडं तोंड करून रडले. मंत्री आले नाहीत. दौरा पुढं ढकलला म्हणे. ड्रेस घडी करून पेटीत ठेवला.

घरी आल्यावर दोन दिवस मी अक्काला चुकवलं. यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, “सांगू नको. ती पाणी बंद करील.” त्यांचा दोष नव्हता. माझ्या मनातलंच ते बोलले. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती घाण आहे ते कळलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे अक्का घागरी ठेवायला आली तेव्हा मी दारातच बसले होते.

“अक्का, मी ते पाकीट पेलाभर पाण्यात केलं.”

“म्हंजे?”

“लिटरभरात करायचं असतं. आप्पांनी सांगितलं होतं. पाकिटावर लिहिलेलं मी वाचलं पण होतं. आणि गोळी दिली, देऊ नका म्हटलेली. लेक त्यानं दवाखान्यात गेली. जुलाबानं नाही.”

ती घागर हातात धरून उभी. “कामून?”

“पाणी वाचवलं.”

“कशाला?”

मी दोरीकडं पाहिलं. दोरीवर त्या दिवशी काही नव्हतं. “यांच्या ड्रेसला,” मी म्हटलं.

अक्कानं घागर खाली ठेवली, पाणी न हिंदकळता. “ते पाणी मी आणलेलं,” ती म्हणाली. “मला वाचायला येत न्हाई म्हणून तुझ्यापाशी ठेवत होते.” आणि गेली.

त्या दिवसापासून लेक तिच्याबरोबर ट्रॅक्टरवर जायला लागली. खडीच्या ढिगाशेजारी बाभळीला झोळी बांधायची म्हणे. घागरी मात्र थांबल्या नाहीत. रोज पहाटे दोन घागरी दारात. तिनं त्या बंद केल्या असत्या तर मला श्वास घेता आला असता. मी नको म्हणायला गेले, तर ती एवढंच म्हणाली, “पाण्याचं पाण्यापाशी, लेकीचं लेकीपाशी.” मी त्या पाण्यानं भांडी घासायचे, आणि रोज एकदा तरी माझा हात घागरीच्या ओल्या अंगाला लागायचा.

आप्पांकडं जायला मला आठ दिवस लागले. मी माफी मागायचं ठरवून गेले आणि काहीच बोलू शकले नाही. त्यांनी फळीखालून काचेची एक रिकामी बाटली काढली, आतून स्वच्छ धुतलेली, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली.

“ह्या पट्टीपर्यंत पाणी आलं की लिटर,” ते म्हणाले. “डोळ्यानं मापायचं न्हाई. दुष्काळात डोळा लहान होतो.” मग म्हणाले, “बाया तुमच्याकडं पाकिटं घेऊन येतात ना? येऊ द्या. जे वाचता येतं ते वाचा. येत न्हाई ते येत न्हाई म्हणा, आणि माझ्याकडं पाठवा.”

तसं मी करायला लागले. पहिल्यांदा “मला येत नाही” म्हटलं तेव्हा समोरची बाई हसली. “मग इतके दिवस काय वाचून राहिली होतीस?” ती म्हणाली. ‘वाचून राहिली’ ही माझीच बोली, माझ्यावरच. मी मान्य केलं.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी अक्का दारात आली. कडेवर लेक, हातात आप्पांच्या दुकानातलं पाकीट. लेकीचं पोट पुन्हा बिघडलं होतं. अक्कानं पाकीट माझ्यापुढं धरलं.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाच. मला ऐकू दे.”

मी वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या मुदतीच्या तारखेपर्यंत. ‘एक लीटर’ आलं तिथं तिनं मला थांबवलं. ती म्हणाली, “तेवढं परत वाच.” परत वाचलं. मी उकळून गार केलेलं पाणी बाटलीत ओतायला लागले, तशी ती खाली बसून पट्टीच्या रेषेला डोळा लावून बघत राहिली. पाणी रेषेपाशी आलं. “थांब,” ती म्हणाली. मी थांबले. तिनं पाकीट स्वतः फाडलं, स्वतः ओतलं, बाटली हलवली आणि बोटावर घेऊन चाखलं. मग डोळे मिटून अंदाज घेतला. आप्पांनी तिलाही सांगितलं असावं, डोळ्यातल्या पाण्याचं.

“हाय बरोबर,” ती म्हणाली. ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. तिनं लेकीकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आणि लेक माझ्या मांडीवर ठेवली. ट्रॅक्टरकडं गेली. मी दिवसभर चमच्या-चमच्यानं पाजलं, मधून साधं पाणी पाजलं, वरणाचं पाणी पाजलं, सहा दुपटी धुतली. लघवी किती वेळा झाली ते भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवलं. संध्याकाळी अक्कानं आधी त्या रेघा मोजल्या आणि मगच लेकीला उचललं. बरोबर केलं तिनं. विश्वास आधीसारखा झाला नाही, आणि व्हायला पण नको होता. पण लेक दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडं यायला लागली.

आता त्याला बरीच वर्षं झाली. आमची बदली झाली, अक्का उदगीरला परत गेली. तिची लेक शाळेत जाते, पुढच्या शाळेत, असं मला कळलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. ती बाटली माझ्याकडं आहे. कागदाची पट्टी पिवळी पडली, पण सुटली नाही.

आप्पांनी दुकान दुसऱ्याला दिलं आणि ते औशाला आपल्या लेकीकडं राहायला गेले. मागं स्टँडवर त्यांच्या ओळखीचा एकजण भेटला. म्हणाला, आप्पांना आता दिसत नाही फारसं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या आहेत, हाताला लागेल ती पट्टी उचलतात. घरात सगळे कामावर जाणारे, कोण बघणार. मला ते ऐकून बसमध्ये चढवेना. साऱ्या गल्लीला ज्यांनी एकेक पाकीट हातात धरून समजावलं, त्यांच्या हातात आता कुठलं पाकीट आहे ते त्यांनाच कळत नाही.

मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, दुकानात उभं राहून, अक्काची लेक खांद्यावर मान टाकून पडलेली असताना. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. एक दिवस मी औशाची बस धरीन. त्यांच्यासमोर बसेन, ते आधी सांगेन, आणि मग त्यांच्या सगळ्या पट्ट्या पुढ्यात घेऊन एकेक मोठ्यानं वाचून दाखवीन. कुठली सकाळची, कुठली रात्रीची, कुणाची मुदत संपली. सकाळच्या एका डब्यात, रात्रीच्या दुसऱ्या डब्यात घालीन, दोन्ही डबे त्यांच्या हातानं चाचपून घेईन. जे वाचता येणार नाही तिथं ‘मला येत नाही’ म्हणेन आणि जवळच्या औषधाच्या दुकानात विचारून येईन. आप्पा, हे तुमचं माझ्याकडं राहिलंय. ते मी फेडीन.